तोफेचा गोळा गिळलेली भिंत

सर, गढीच्या सावलीत वाढलेल्या आम्हा सगळ्यांच्या मनात एक सल होता आणि तो तुम्हाला ठाऊक होता. इतरांचे किल्ले काळ्या दगडाचे, आमची गढी पांढऱ्या मातीची. तो सल अजून गेलेला नाही. आता तर त्याची समिती झाली आहे. उमरेड रोडवरचं आपलं गाव नागपुरात शिरलं, आणि समितीने ठरवलं आहे की गढी सपाट करायची, माती प्लॉटच्या भरावाला द्यायची आणि जागेवर दगडी महाद्वार उभारायचं. उद्या हात वर करून त्याला मंजुरी घ्यायची सभा आहे. वक्ता मी.

समितीचा अध्यक्ष काल सक्करदऱ्याला माझ्या घरी आला होता. शाळेत माझ्याच बाकावर बसायचा तो. चहा बशीत ओतत म्हणाला, "तू फक्त गर्जना कर. गढी पोलादी होती, फितुरीनं पडली, आता दगडाची बांधू. बस." मी म्हणालो, "पडली कुठं गा? उभी आहे." तो हसला. "ढिगाऱ्याले उभी म्हणते का कोणी? पोट्ट्यांले अभिमान पायजे, आपल्या सरांचा तास नाही."

तुमचा तास. मी आठवीत आहे, गढीच्या पायथ्याशी उभा राहून 'या पोलादी भिंतींनी' असं गर्जतो आहे, आणि तुम्ही सायकल बोरीच्या झाडाला टेकवून म्हणता, "काहून ओरडून राहिला गा? मातीले पोलाद म्हटल्यानं तिची इज्जत वाढते का?" वर्ग हसतो, माझे कान तापतात. मग तुम्ही पिशवीतून रबरी गुलेल आणि काचेचे दोन कंचे काढता. पहिला कंचा छपरावरून पडलेल्या कवेलूवर: कवेलूचे तुकडे. दुसरा ओल्या मातीच्या पोत्यावर: थप, आणि कंचा दिसेनासा. "दगड अडून राहते म्हणून फुटते. माती थोडी मागं सरते अन् गोळा पोटात घेते." कड्यांच्या चिलखताचंही तेव्हाच सांगितलंत. ते तलवारीचा वार अडवायचं, पण जवळून झाडलेली शिशाची गोळी कड्या तोडून त्यांच्यासकट अंगात शिरायची. विलायतेतले कारागीर छातीच्या पत्र्यावर स्वतःच गोळी झाडून बघत आणि पडलेला खळगा गिऱ्हाइकाला दाखवत. बंदुका सुधारल्या तसा पत्रा जाड होत गेला, आणि शेवटी इतका जड झाला की शिपायांनी तो उतरवूनच ठेवला. "माणसाले चालावं लागते," तुम्ही म्हणालात, "भिंतीले नाही. ती पायजे तेवढी जाड होऊ शकते."

मग तुम्ही आम्हाला बुरुजातल्या भोकापाशी नेलंत. एकेकाने कोपरापर्यंत हात आत घातला. शेवटी बोटांना गार लोखंड लागायचं. "गोळा इथंच थांबला. याच्यामागं त्या दिवशीही कोणाची तरी चूल पेटली असन." परतताना पोत्यातला कंचा उकरून तुम्ही माझ्या हातावर ठेवलात. वर्गापुढे झालेल्या फजितीची ती भरपाई होती, असं मी समजतो.

आज सकाळी जाऊन आलो. मागची बाजू जेसीबीने मंजुरीआधीच खाल्ली आहे. पण सगळा दोष त्याचा कसा म्हणू? दिवाळीला घर लिंपायला प्रत्येक घरातून एक घमेलं पांढरी माती न्यायची रीत होती. आमची आई न्यायची, अध्यक्षाची आईही. तोफेला जी पाडता आली नाही ती भिंत आपण डोक्यावरून घरी नेली. तरी त्या मातीच्या भिंतींत आपण झोपलो, वाढलो. प्लॉटच्या भरावात गाडायला मात्र ती नाही. बुरुज शिल्लक आहे. भोकही. हात घातला, लोखंड अजून गार आहे.

तुम्ही आता नाही, त्यामुळे हे पत्र कुठे जायचं नाही. उद्या खिशात असेल. एक खरं सांगतो. हजारोंच्या सभा मी आवाजावर जिंकल्या, पण न ओरडता बोलायची मला अजून भीती वाटते. म्हणून उद्या भाषण असं करणारच नाही. माइक बाजूला ठेवीन आणि एवढंच म्हणेन: मंडळी, हात वर करण्याआधी रांगेने बुरुजापाशी चला, बाही सारा, आणि त्या भोकात हात घाला.