इस्त्रीचा ठेका

प्रिय मामा,

तुला न विचारता तुझी ती परदेशी रेगे गाण्यांची तबकडी लावली, हे आधी सांगते. तू आईशी भांडून गेल्यापासून तिने त्या गाण्यांचं नावही काढू दिलं नव्हतं. आज इस्त्रीच्या दुकानात मी ती भीत भीत, अगदी हळू लावली. त्या जुन्या गायकाचा उबदार आवाज आला आणि आईची इस्त्री थांबली. म्हटलं, आता माझी खैर नाही. पण इस्त्री पुन्हा चालू लागली, बरोबर गिटारच्या ठेक्यावर!

"काय गळा आहे मेल्याचा! वाढव आवाज," आई म्हणाली.

तुला परत बोलवावं म्हणून लिहायला बसले, तर ती ओरडली, "पत्र कसलं लिहितेस? फोन लाव त्या गाढवाला!"

आता ती तुला झापतेय. फोनवर तुला दिसत नाही, पण तिचा पाय ताल धरून आहे.

तुझी भित्री भाची