कोपरावरचा रफू

बाबा, तुमचा कोट मला लकडगंजच्या चौकात दिसला. एका चाळिशीतल्या माणसाच्या अंगावर. डोक्यावर फौजी टोपी, गळ्यात दानपेटी, बाजूला भोंगा लावलेला ऑटो आणि त्यातून 'जवानांच्या कुटुंबांना मदत करा' असा घोष चाललेला. मी प्लायवूड पाहायला गेले होते. सवयीने पर्स उघडली, पेटीत नोट टाकली. त्याने हात जोडले आणि उजव्या बाहीचं कोपर माझ्यासमोर आलं. त्यावर तुमचा रफू होता.

तो मी कशी विसरेन? उमरेडच्या घरी, आजोबांचा माग विकून टाकल्यावर रिकाम्या पडलेल्या खोलीत तुम्ही सुटीवर येऊन बसला आहात. आई म्हणते, शिंप्याकडे टाका. तुम्ही ऐकत नाही. कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढता आणि एक वर, एक खाली असं भोक भरत जाता. धागे संपतात, तर शेवटच्या तीन ओळी स्वतःच्या तपकिरी मोज्याच्या धाग्याने पुऱ्या करता. "फौजेनं बंदूक देली पोरी, पण हात विणकराचाच राहिला," म्हणून हसता. मी त्या तीन ओळींवर बोट फिरवते, तर लगेच, "हात धुतले का वं?"

चौकात मी ती बाहीच धरली. विचारलं, हा कोट कोणाचा? "माझाच, ताई. सीमेवर घातलेला आहे." कोणत्या पलटणीत होतात? तो इकडेतिकडे पाहू लागला. "सोडा ना ताई, लोक पाहून राहिले." लोक पाहत होतेच, पण माझ्याकडे. एक दुकानदार गल्ल्यावरून उठून आला आणि मलाच म्हणाला, "फौजी माणसाले काहून तरास देता बाई? लाज नाही वाटत?" आणि माझ्या देखत त्याने पेटीत पैसे टाकले. चोर हात जोडून उभा आणि मी निर्लज्ज! माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात तो ऑटोत बसून पसार झाला. तक्रार दिली आहे. पण त्यात काय लिहिणार, मोज्याचा धागा?

तुम्ही मला एकदाच सगळ्यांदेखत रागावलात. गॅसच्या रांगेत मी पुढे घुसून म्हणाले होते, माझे बाबा फौजेत आहेत. तुम्ही दंडाला धरून मला रांगेच्या शेवटी नेऊन उभं केलंत. "फौजीच्या नावावर काही मागाचं नाही." रिटायर झाल्यावरही बसमध्ये कोणी जागा दिली तर तुम्ही उभेच राहायचात. आणि आता तुमचाच कोट घालून हे नालायक भररस्त्यात मागत फिरतात. त्यांना फौजेतलं काही ठाऊक नाही. लोकांचे डोळे कशाने भरून येतात, तेवढं मात्र बरोबर ठाऊक आहे.

कोट चोरीला गेला नाही, बाबा. तो मी दिला. तुम्ही गेल्यानंतर, बेसा भागातल्या आमच्या नव्या फ्लॅटवर दोघे आले होते, छातीवर तिरंगी बिल्ले लावून. जवानांचं संग्रहालय काढतोय, काचेच्या कपाटात ठेवू, खाली नावाची पाटी लावू, म्हणाले. आईने स्वतः इस्त्री केली, डांबरगोळ्या झटकल्या, घडीवर डोकं टेकवलं. आता ती दर आठवड्याला विचारते, "पाटी लागली असंन ना वं? मले एकडाव पाहाले ने." मी म्हणते, नेते. कालही म्हणाले. तिच्या तोंडाकडे पाहून खरं सांगवत नाही.

हे पत्र तिच्या हाती लागायच्या आत मी फाडणार आहे. आणि ते फक्त चौकातल्या प्रकारामुळे नाही. तुमच्या मानासाठी म्हणून मी कोट दिलाच नव्हता. नव्या घरात एकच कपाट होतं आणि तो जाडजूड कोट अर्धा दांडा अडवून बसायचा. संग्रहालय, काच, पाटी हे सगळं मीच आईला पुन्हा पुन्हा सांगून पटवलं. ते दोघे कोट घेऊन जिना उतरले, तेव्हा मला हायसं वाटलं होतं.