अधिक एक अंश

३ मार्च, सोमवार. सकाळी ८.०५
टिमकीला ताप. काखेत १००.८. वय पावणेदोन वर्षं (टिमकीचं. तापाचं वय अर्धा तास).
बायकोचा चेहरा उतरलाय. तिला समजावलं की लहान मुलांना ताप यायचाच, त्यात एवढं काय. तिने विचारलं की मग तू शर्ट उलटा का घातलायस. मुद्दाम विषय बदलते.
ठराव. एक, घाबरायचं नाही. दोन, शास्त्रशुद्ध नोंद ठेवायची. अकरा वर्षं लॅबमध्ये लोकांची उपकरणं तपासतोय: वजनकाटे, प्रेशर गेज, थर्मामीटर. जे मोजता येतं त्याची भीती वाटत नाही, असं मी ट्रेनीजना दर बॅचला सांगतो.

८.२०
१००.८.

८.३५
१००.८.

८.४०
टिमकीने थर्मामीटर कपाटाखाली फेकला. ताकद शाबूत आहे. चांगलं लक्षण.

४ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ७.००
डॉक्टरबाईंकडे जाऊन आलो. व्हायरल आहे म्हणाल्या. चार-पाच दिवस राहील, पातळ पदार्थ द्या, औषध वेळेवर द्या. त्या मला ‘बाबा’ म्हणतात. माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी तरी लहान असतील.
मी एक्सेलचा ग्राफ प्रिंट करून नेला होता. त्यांनी तो लक्षपूर्वक पाहिला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर औषध लिहून दिलं. ग्राफचा उपयोग झाला.
सासूबाई मदतीला आल्या. टिमकीच्या पोटाला तळहात लावून म्हणाल्या, चांगलाच आहे ताप. त्या तळहाताला सर्टिफिकेट आहे का, असं मी विचारलं. मनात.

५ मार्च, बुधवार. दुपारी १.१५
तिसरा दिवस. सकाळी १०२.६. टिमकी खेळत नाही, रडतही नाही. नुसती बायकोच्या खांद्यावर पडून भिंतीकडे बघते.
मी शांत आहे.
वेळेवर औषध देऊनही ताप हटत नाही, याचा अर्थ उघड आहे. उपकरण सदोष असणार. थर्मामीटर खिशात घालून लॅबमध्ये आणला.

दुपारी ३.४०
माझा संशय खरा! गरम पाण्याच्या टाकीत लॅबच्या मुख्य थर्मामीटरशेजारी धरला, तर आमचा बरोबर एक अंश कमी दाखवतो. नियमाप्रमाणे तीन वेळा तपासायला हवं होतं. एकदाच तपासलं, कारण फोन सारखा वाजत होता. बायकोचे अकरा कॉल. घरात थर्मामीटर सापडत नाही म्हणून. आणि धरताना हात जरा हलत होता. एसी फार आहे इथे.
उपकरणावर आमचं पिवळं लेबल डकवलं: ‘दुरुस्ती +१’.

संध्याकाळी ७.३०
घरातल्यांची मीटिंग घेतली. दिसेल त्या आकड्यात एक मिळवायचा. सासूबाईंना दोनदा बजावलं, बायकोला एकदा. मी स्वतः गडबडीत विसरू नये म्हणून एक्सेलमध्ये फॉर्म्युलाच घालून टाकला. आकडा टाकला की एक आपोआप मिळतो. आता चूक व्हायला जागाच नाही.
दिवसाची पद्धतही ठरवून दिली. सकाळी मी मोजणार. मी ऑफिसला गेलो की सासूबाई मोजणार, आतल्या खोलीत कॉलवर असलेल्या बायकोला सांगणार, ती मला मेसेज करणार, मी एक्सेलमध्ये टाकणार. एखाद्या मोठ्या हॉस्पिटलातही एवढी शिस्त नसेल.

६ मार्च, गुरुवार. दुपारी २.१०
बायकोचा मेसेज: १०३.२. एक्सेलमध्ये टाकला. १०४.२!
घरी निघतोय.

दुपारी ३.३०
साहेबांना न सांगता निघालो. ऑफिसच्या जिन्यात लक्षात आलं की पायात लॅबच्या निळ्या स्लिपर आहेत. तसाच आलो. लिफ्टची वाट बघत बसलो नाही, पाच मजले चढलो. (व्यायाम.)
बायको म्हणते मी दारात आलो तेव्हा पांढराफटक पडलो होतो. जिना चढल्यावर पडतोच माणूस.
टिमकीला जवळ घेतलं आणि स्वतः मोजला. १०१.२, म्हणजे दुरुस्तीसह १०२.२. तासाभरात दोन अंश खाली! दुसरं काहीही दिलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या मघाशी पण एवढाच होता हो. त्यांना काय कळणार.
फुशारकी मारत नाही, पण माझ्या हाताला गुण आहे.

७ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ६.४५
पाचवा दिवस. सकाळी मी मोजला: दुरुस्तीसह ९९.६. बरी बातमी म्हणून ऑफिसला गेलो. दुपारी एक्सेल म्हणतं १०१.६. परत चढला.
गंमत म्हणजे सासूबाईंनी पोटाला हात लावून ताप गेला असं जाहीर केलं. टिमकीने दुपारी आख्खं केळं खाल्लं, मग माझ्या चपलेवर पाणी ओतलं. मी त्यांना ग्राफ दाखवला. त्या बराच वेळ ग्राफकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, तुम्ही म्हणता तर असेल बाई. विज्ञानापुढे त्या निरुत्तर झाल्या.

८ मार्च, शनिवार. दुपारी १२.००
सुट्टी. थर्मामीटर पूर्ण वेळ माझ्या ताब्यात. सकाळी ९९.४. दुपारी ९९.४. ताप नाहीच म्हणायचा!
बायकोने डॉक्टरबाईंना फोन करून कळवलं.

९ मार्च, रविवार. सकाळी ११.३०
आजही ९९.४. टिमकीने भिंतीवर खडूने माझं चित्र काढलं. पोट भिंतीबाहेर गेलंय.
शांत डोक्याने ग्राफ बघत बसलो आणि एकदम लख्ख प्रकाश पडला. मी ऑफिसात, ताप वर. मी घरी, ताप खाली. गुरुवारी मी धावत आलो तर तासाभरात उतरला. शनिवार-रविवार मी समोर, तर गायब. डॉक्टरबाईंना हे सुचणार नाही, त्यांच्या पुस्तकात नसेल. मी नाव दिलंय: पितृविरहज्वर.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, टिमकी तुला दिवसभर विचारतसुद्धा नाही. मी म्हटलं की हेच, मुलं आतल्या आत कुढतात. ती भिंत पुसायला निघून गेली.
साहेबांसाठी पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज तयार केला. सोबत ग्राफ, रंगीत. उद्याचा एक आकडा मिळाला की सिद्धांत पक्का.

१० मार्च, सोमवार. दुपारी २.३०
मेसेज: १००.४. एक्सेल: १०१.४.
सिद्धांत सिद्ध झाला.
आनंद का होत नाहीये कळत नाही.

संध्याकाळी ७.१५
डॉक्टरबाईंना मीच फोन केला, सगळे आकडे वाचून दाखवले. सिद्धांत सांगायला सुरुवात केली, तर मध्येच थांबवून म्हणाल्या, बाबा, ताप जाऊन दोन दिवसांनी परत आला आणि आज आठवा दिवस आहे, हे बरोबर ना? मी म्हटलं, ग्राफ समोरच आहे. मग त्या हसत वगैरे काही बोलल्या नाहीत. उद्या सकाळी दहाला आणा, म्हणाल्या. बॅग भरूनच या. ॲडमिट करावं लागेल, सलाइन लावून रक्ताच्या सगळ्या तपासण्या करू.
बॅग मी भरली: लॅपटॉप, चार्जर, ग्राफची फाइल, जादा सेल, रजेचा अर्ज. बायकोने ती उघडून बघितली, सगळं बाहेर काढून टिमकीचे कपडे, लंगोट आणि कापडी ससा भरला.
टिमकी माझ्या मांडीवर बसून बिस्किट खातेय. अर्धं मला भरवलं, ओलं. तिचा हात हातात घेऊन बघितला. मनगट माझ्या दोन बोटांएवढं. त्यात सुई घालणार.
लिहूनच टाकतो. मला भीती वाटते. गेल्या सोमवारपासून वाटते. शर्ट उलटा घातला तेव्हापासून. मोजून कमी होत नाही, उलट दर वेळी थर्मामीटर वाजायची वाट बघताना वाढते.
(वरचा परिच्छेद खोडणे.)

११ मार्च, मंगळवार. दुपारी १.००
जे घडलं ते तटस्थपणे नोंदवतो.
आम्ही दहाला पोचलो. मी, बायको, सासूबाई, बॅग. टिमकी वेटिंग रूममध्ये धावत होती. दुसऱ्या एका मुलाचा बॉल हिसकावला.
डॉक्टरबाईंनी तिच्या पोटाला तळहात लावला. (हो. तळहात.) मग त्यांच्या थर्मामीटरने मोजला: ९८.४. मग म्हणाल्या, तुमचा आणलाय का? मी काढून दिला. त्यांनी तिथेच लावला: ९८.४.
मी खुलासा केला की आमचा एक अंश कमी दाखवतो, लेबल आहे. त्या म्हणाल्या, पण दोन्ही सारखंच दाखवतायत की. बुधवारी टाकीत धरला तेव्हा वाजायच्या आधीच बाहेर काढला होता, हे मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. अकरावा कॉल आला होता तेव्हा.
मग त्यांनी विचारलं, दुपारी कोण मोजतं? सासूबाई म्हणाल्या, मी. जेवढा दिसतो त्यात एक मिळवते आणि हिला सांगते. बायको म्हणाली, आई विसरली असेल म्हणून मी एक मिळवते आणि ह्याला पाठवते. मग तिघींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, एक्सेलमध्ये फॉर्म्युला आहे.
डॉक्टरबाईंनी ग्राफ घेतला आणि पेनाने बुधवारनंतरच्या दुपारच्या प्रत्येक आकड्यातून तीन वजा केले. सकाळच्या आणि सुट्टीच्या आकड्यांतून एक. शुक्रवारपासून सगळी रेघ सपाट. ताप शुक्रवारी सकाळीच गेला होता. पुढचे चार दिवस तो फक्त आमच्या घरच्या शिस्तीला येत होता.
त्या म्हणाल्या, मुलगी ठणठणीत आहे. घरी न्या. मग म्हणाल्या, बाबा, तुम्ही जरा पाणी प्या.
पाणी प्यायलो. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. क्लिनिकमध्ये धूळ फार.
सासूबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. शुक्रवारीच त्यांनी सांगितलं होतं, हेही त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही. रिक्षात मात्र खिडकीबाहेर तोंड करून बसल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते.
बायकोने थर्मामीटरवरचं लेबल सोलून टिमकीला खेळायला दिलं. घरापर्यंत गप्प बसली. टिमकी, बायको नाही.
पितृविरहज्वराबद्दल डॉक्टरबाईंना शेवटी सांगितलंच नाही. वेळ नव्हता.

१२ मार्च, बुधवार. सकाळी ९.००
पंधरा दिवसांची रजा बारगळली. पण सिद्धांत पूर्ण चुकीचा म्हणता येणार नाही. आज निघताना टिमकी आपण होऊन माझ्या गळ्यात पडली. मानेमागे दोन्ही हात घट्ट दाबून धरले, सोडेचना. आकडे काहीही म्हणोत, पोरीला बाप कळतो. बायको दारात उभी राहून हसत होती. तिलाही पटलं असावं.

संध्याकाळी ७.००
ऑफिसात दिवसभर सगळे फार प्रेमाने बघत होते. बातमी पसरली असेल, मुलगी बरी झाली म्हणून. ट्रेनीजच्या बॅचसमोर तासभर बोललो, विषय ‘तीनदा तपासल्याशिवाय लेबल नाही’. फळ्यावर लिहायला पाठ फिरवली की मागे खुसखुस.
चारला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. माझ्या मागे येऊन शर्टच्या कॉलरवरून काहीतरी सोलून काढलं आणि टेबलावर ठेवलं. पिवळं लेबल. ‘दुरुस्ती +१’. म्हणाले, काढावंसं वाटत नव्हतं, अकरा वर्षांत पहिल्यांदाच तुमच्या लॅबमधून एवढं अचूक लेबलिंग झालंय.
लेबल पाकिटात घालून घरी आलो. दार उघडताच टिमकी दोन्ही हात वर करून धावत आली. मी खाली बसलो, हात पसरले. तिने माझी कॉलर मागून पुढून चाचपली आणि भोकाड पसरलं. तिला लेबल हवं होतं.
दिलं. ते तिने सशाला चिकटवलं आणि निघून गेली. वाकून देताना तिचं कपाळ माझ्या गालाला लागलं. गार होतं.
आकडा घेतला नाही. उद्या सकाळी एकदाच घेईन.