सीन एकोणचाळीस : इदरीस मरतो

९ जानेवारी १९९२, लाहोर
जब्बार पहिलवानाचा सिनेमा दिग्दर्शनाला घेतला! गुंड आता निर्माता झालाय, आणि गोष्टही त्याचीच. माझे चार सिनेमे ओळीने आपटले. मला दुसरं कोण विचारणार? नुसरत भडकली — "त्याने मारलेल्या पोराच्या आईची तरी लाज बाळगा." बायकोचं काय जातंय बोलायला!

१६ जानेवारी
पहिलवानाने आज त्या पोराचा, इदरीसचा खून सांगितला. मला एकट्याला, चहाचे घुटके घेत. बकरमंडीत हप्ता द्यायला नाही म्हणाला म्हणून मारला. साक्षीदार मिळेना म्हणून खटला रखडलाय, आणि हा उठून हातवारे करून दाखवतोय! "पोरगं मर्द निघालं, उस्ताद. नजर खाली घातली नाही. पाणी मागितलं फक्त." मग हसला. "हे तुझ्यापुरतं हां! पडद्यावर तो माझ्या पायाशी लोळला पाहिजे. नाहीतर माझी काय शान राहिली?"
मी मान डोलावली.

१ फेब्रुवारी
सीन एकोणचाळीस झाला. नटाला पुन्हा पुन्हा रडवलं. "आई गं, वाचव!" म्हणून गळा काढायला लावला. युनिटने टाळ्या वाजवल्या.

ईद
हाउसफुल्ल! शिट्ट्या, पडद्यावर नाणी. इदरीस रडला तेव्हा थेटर खदाखदा हसलं. "बघा लेकाचा, फाटली!" मीही हसलो. चारचौघांत काय करणार?

२१ एप्रिल
माई सरवरी घरी आली. इदरीसची आई. वाटलं, शिव्या घालेल. नुसरतने खाट पुढे केली तर खालीच बसली. गल्लीतली पोरं तिला बघून "आई गं, वाचव!" ओरडतात म्हणे.
"बेटा, एवढंच सांग. खरंच असा ओरडला का रे तो? दोन गल्ल्यांवर तर घर आमचं. मला कसं ऐकू आलं नाही?"
मला राहवेना. "नाही माई. ताठ उभा होता. पाणी मागितलं फक्त."
माझा हात डोळ्यांना लावून खूप रडली. जाताना उंबऱ्यात थांबली.
"तुला कुणी सांगितलं, बेटा?"
मी नजर खाली घातली. खुद्द पहिलवानानेच सांगितलं, हे तिला कळलं.

३ मे
कोर्टाकडून साक्षीला बोलावणं आलं; माईनेच माझं नाव दिलं. पाठोपाठ पहिलवानाची मिठाई आणि निरोप — "पुढचा सिनेमाही तूच कर, उस्ताद. आणि लेकीला कॉलेजात सोडायला माझी गाडी पाठवू का?" भीती वाटते, सरळ लिहितो. नुसरत म्हणते, "खरं बोला. मुलतानला जाऊ, माझ्या भावाकडे." तिचंच बरोबर. बोलणार!

११ मे
कोर्टात म्हणालो, माईला सांगितलं ते सगळं माझ्या कल्पनेतलं.
"पाणी मागितल्याचंही?" वकिलाने विचारलं.
"तेही."
माई समोरच बसली होती. रागावली नाही. शेजारणीला म्हणाली, "म्हणजे ओरडलाच होता गं."