चारशे पुंगळ्यांतल्या पाच

१४ मार्च, सकाळ
आजपासून शिस्त. राज्याच्या मॅचला जाणाऱ्या, रायफल क्लबच्या चौघांच्या टीममध्ये मी एकोणतीस वर्षं आहे. यंदा सेक्रेटरी लोरेन म्हणते, तीन जागा ठरल्या. चौथी माझ्यात आणि वेंडेल क्राट्झमध्ये सप्टेंबरच्या मॅचला ठरेल. हजार यार्ड, पाच गोळ्या, ज्याची भोकं एकमेकांच्या जास्त जवळ त्याची जागा. वेंडेल भला माणूस. त्याचं सांत्वन कसं करायचं ते मनाशी ठरवून ठेवलं.
गेल्या साली माझी भोकं सव्वीस इंचांत विखुरली. दोष मालाचा, म्हणजे काडतुसांचा. एकसारखा नव्हता.

२ एप्रिल
काडतुसांच्या चारशे रिकाम्या पितळी पुंगळ्या आल्या, एकाच लॉटच्या. गोळ्या, बंदुकीची दारू, तिला ठिणगी देणारे प्रायमर, सगळं एकेका लॉटचं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वजनाचा काटा मांडला. बायकोला, आर्डिथला, सांगितलं की फ्रीजचं दार हळू लाव. तिने विचारलं, जेवायचं कुठे. म्हटलं, तात्पुरतं आहे.

२० एप्रिल
वजनात अगदी एकसारख्या निघाल्या एकशे बारा. बाकी बाद. उद्यापासून रेंजवर सराव.

२१ एप्रिल
सराव नाही. पुंगळ्यांच्या मानेची जाडी मोजायची राहिली होती.

१० मे
एकतीस उरल्या. वेंडेल म्हणे दर शनिवारी रेंजवर पन्नास गोळ्या झाडतो. कीव आली. फोन करून समजावलं, बाबा रे, आधी माल निवड. तो म्हणाला, निवडतो की, एका लॉटचा घेतो, फारच हलकी-जड असेल ती काढतो, उरलेला वेळ वारा बघतो. वारा काय कुणाला निवडता येतो? विषय सोडला.

२७ जून, दुपार
उकाडा. पंखा बंद, खिडक्या बंद. काट्याला वारा लागतो. आर्डिथ बहिणीकडे गेली. पुंगळ्यांत पाणी भरून कुणाच्या पोटात किती मावतं ते मोजलं. नऊ उरल्या. एखादा थेंब माझ्या कपाळावरचा असेल म्हणून पुन्हा मोजलं. पाच.
लागतात पाचच. देव आहे.

१ ऑगस्ट
सराव नाही. या पाच झाडल्या तर पितळ फुगणार, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आणि बाद मालावर हात बसवला तर हातही बाद. रायफल पुसली. आर्डिथ परत आली आहे, विचारते, या वर्षी एक तरी गोळी झाडलीस का. तिला यातलं शास्त्र कळत नाही.

१९ सप्टेंबर, ५.४०
आज. पाचही काडतुसं भरून तयार. लोकरीच्या मोज्यात गुंडाळली आहेत, एकमेकांवर आपटायला नकोत. वेंडेलसाठी शूफ्लाय पाय, ती काकवीची गोड पेस्ट्री, घेतली. हरल्यावर गोड बरं वाटतं.

१९ सप्टेंबर, दुपार
सुरुवातीला सहा मिनिटं चाचणीची. हव्या तेवढ्या गोळ्या झाडा, तिकडे नेमाच्या पाट्यांखाली खड्ड्यात बसलेली माणसं कुठे लागली ते दाखवतात. मी एकही झाडली नाही. बाद मालाची गोळी कुठे जाते त्याचा या पाचांशी संबंध काय? मी तेवढ्या वेळात पाचांचा क्रम लावला.
मग झाडल्या. पाचही अशा गेल्या की मला आधीच कळलं, जागा माझी.
खड्ड्यातून फोन आला. माझी सहा नंबरची पाटी कोरी. शेजारच्या सातवर, वेंडेलच्या पाटीवर, दहा भोकं. पाच इकडे-तिकडे, उरलेली पाच जेमतेम सात इंचांत.
लोरेनने विचारलं, कुणाची कुठली. वेंडेलने टोपी काढली.
"जवळजवळची माझी नाहीत. मी जन्मात असं झाडलेलं नाही."
लोरेनने नियम वाचला. दुसऱ्याच्या पाटीवर झाडल्यास शून्य, शेजाऱ्याने पुन्हा झाडायचं. वाचताना माझ्याकडे बघत नव्हती. वेंडेलने पुन्हा पाच झाडल्या. चौदा इंच. पुरले त्याला.
माल निर्दोष होता, हे तरी सिद्ध झालं.

२० सप्टेंबर
यादी लागली. चौथं नाव वेंडेल क्राट्झ.
संध्याकाळी तो पाटीवरचा कागद गुंडाळून घेऊन आला, ठेव म्हणाला, तुझा आहे. कागदावर त्याचं नाव, खाली लोरेनच्या अक्षरात "रद्द". तिघांनी तो टेबलावर पसरून बघितला. आर्डिथ म्हणाली, "ऑर्व्ही, फार सुंदर झाडलंस रे." आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली.
वेंडेलने विचारलं, राज्याच्या मॅचला येशील ना. म्हटलं, येईन. खड्ड्यात पाट्या चढवायला माणसं नेहमीच कमी पडतात. तिथून पाट्यांचे नंबर स्वच्छ दिसतात.