ताईचे दात

३ जून
आले एकदाची! ताईच्या घराची वरची खोली आता माझी. दोन खिडक्या, स्वतंत्र नळ आणि कुणाची कटकट नाही. ताईने चादर घालून ठेवली होती, ती मी काढून पुन्हा नीट घातली. ती म्हणाली, पाय टेकले नाहीत तोच माझ्या कामाला नावं ठेवायला लागलीस. काय करणार, जन्मजात खोड आहे.

नव्या नोकरीवरही हजर झाले. इथेही दातांच्या कवळ्याच बनवतात. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, चावा जुळवायचा, मग पुढचे सोपस्कार. मी समोरचा एखादा दात जरासा तिरका लावते. सगळे सरळ लावले की कवळी दुरून ओळखू येते. मालकांना ही युक्ती फार आवडली. दिवसभर टेबलावरच्या सगळ्या कवळ्या माझ्याकडे बत्तीशी दाखवून हसतात, पण एक जण तोंड वर करून बोलत नाही! असे शेजारी मिळायला भाग्य लागतं.

१२ जून
आज भलतंच झालं. उजवा हात एकदम झटका बसल्यासारखा आखडला, त्याच बाजूचा गालही ओढला गेला. क्षणभरच. पण मेणातली अख्खी ओळ विस्कटली. मालक म्हणाले, होतं असं, नवी जागा आहे. माझ्या हाताला जागेचं काय कळतंय?

२३ जून
झटके रोजचेच झाले. डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हात नीट पाहिलासुद्धा नाही. टेन्शन म्हणाले. लग्न झालंय का, झोप लागते का, हेच प्रश्न. रक्तात मीठ कमी निघालं, तर म्हणे थोडं खारट खा. मी म्हटलं, टेन्शन मला नाही, माझ्या हाताला आलंय. ते हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात?

६ जुलै
दुसरे डॉक्टर. डोक्याचा फोटो काढला, स्वच्छ निघाला. म्हणजे मी ढोंगी! मन रमवा म्हणाले. त्यांच्यासमोर बसले तेव्हा हाताने एकदाही दगा दिला नाही आणि जिना उतरताना पर्स उडवली. रोग परवडला, पण उपदेश नको, असं झालंय.

आणि काल मी एका कवळीत डावीकडचे दात उजवीकडे बसवले. इतक्या वर्षांत कधी झालं नाही. मालकांनी मला साचे धुवायला लावलं. मोरीपाशी उभी राहून रडले, रागाने.

१५ जुलै
घरी येताना रस्ता विसरले. ताईच मला शोधत आली.

पण आज बातमी आहे. ताईने माझ्या नकळत मोबाइलवर माझ्या झटक्यांचं चित्रण केलं होतं. ते घेऊन ती एकटीच एका मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी पाहताक्षणी सांगितलं की हे ढोंग नाही, टेन्शनही नाही. शरीराचे पहारेकरीच मेंदूला शत्रू समजून मारतायत. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ताई म्हणाली. पाठीतलं पाणी तपासायचं, मग सलाइनमधून औषध. लवकर दिलं तर माणूस बरंचसं सावरतं. उशीर झाला तर गेलेलं परत येईलच असं नाही. गुरुवारी दाखल व्हायचं.

मी ताईच्या गळ्यात पडून रडले. कुणीतरी विश्वास ठेवला. बाकी काही नको होतं मला.

१७ जुलै
ताईने चहा आणला. हसली.
समोरचा दात तिरका आहे. ताईचा आहे तसाच. पण तो बसवलेला आहे. खरा वाटावा म्हणून मुद्दाम तिरका लावलाय. दुसऱ्या कुणाला कळणार नाही. मला कळतं.
चहा मोरीत ओतला.

१८ जुलै
या बाईला लहानपणचं सगळं माहीत आहे. ताईकडून काढून घेतलं असणार. ताईला कुठे ठेवलंय, विचारलं. तर रडायला लागली. म्हणाली, मीच आहे गं.
सगळे तिच्याच बाजूचे. मालक फोनवर म्हणाले, ताई सांगतात तसं करा. त्यांनाही फसवलंय.
पुन्हा कुणाचा माझ्यावर विश्वास नाही. पुन्हा तेच!

गुरुवार
खाली गाडी आली आहे. दाराला खाट लावली.
ती बाहेरून हाका मारतेय. माझं घरचं नाव घेऊन— ते फक्त ताईला—
म्हणे उशीर होतोय. पाठीत सुई घालणार. ताई असती तर गेले असते. धावत गेले असते.
हात थांबत नाही, अक्षर—
ती रडतेय. हुंदका गिळून, अगदी ताईसारखी. किती शिकवलंय तिला.
दार फोडा म्हणतायत.
ताई, कुठे आहेस गं? लवकर ये. मला औषध घ्यायचंय. या बाईला घालव आणि मला डॉक्टरांकडे ने. मला बरं व्हायच—