क्रमांक सतरा अद्याप पेठ नाक्यावर

सातारा, गुरुवार, दिनांक ६ फेब्रुवारी २०२५. दुपारचा एक वाजून वीस मिनिटे झाली आहेत. प्राध्यापक मंडळी जेवायला गेली आहेत आणि मी सभागृहात मागच्या खुर्चीवर बसून हजेरीपटावर उद्याचे रकाने आखतो आहे.

तीर्थस्वरूप धन्यकुमारमामा यांना भरतेशचा जयजिनेंद्र. तुमचा गुडघा कसा आहे? प्रीतीमामींची साखर उतरली का? हळद काढायला माणसं मिळाली का? आईने सांगलीहून फोनवर हेच तीन प्रश्न विचारायला सांगितले होते, ते मी तिच्या क्रमाने विचारले आहेत. माझी प्रकृती ठीक आहे, फक्त उजव्या डोळ्याची पापणी रविवारपासून उडते आहे.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोन केला की तुम्ही ‘निघालोय, पेठ नाक्यावर आहे’ म्हणता. हे उत्तर मला २७ जानेवारीपासून आजपर्यंत नऊ वेळा आले आहे (आठ वेळा मेसेजने, एकदा तोंडी, आणि त्या तोंडी उत्तरात मागून मामींच्या मिक्सरचा आवाज येत होता). मामा, इस्लामपूरहून पेठ नाका स्कूटरवर पंधरा मिनिटांचा आहे. म्हणून हे पत्र सांगली गाडीचे कंडक्टर धनाजी यांच्या हाती देतो आहे. ते तुमच्या घरी येऊन देतील. त्यांना चहा द्यावा.

माझी अडचण पहिल्यापासून सांगतो. आमच्या केंद्रात महाविद्यालयीन प्राध्यापकांचं बारा दिवसांचं प्रशिक्षण चालू आहे. शिकवायचं कसं हे शिकवणाऱ्यांना शिकवायचं, असा त्याचा हेतू आहे, आणि त्याचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय बढती मिळत नाही, असा त्याचा उपयोग आहे. चाळीस जणांची नावं आली. सतराव्या क्रमांकावर तुमचं नाव बघून मला इतका आनंद झाला, की तुमचा बिल्ला मी सगळ्यांत आधी आणि दोनदा लिहिला. माझी इथली नेमणूक अकरा महिन्यांची आहे आणि ती २८ तारखेला संपते. संचालक डॉ. पृथ्वीराज सरांनी मला प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी बजावलं, की तपासणीला येणाऱ्या समितीचा अहवाल चांगला आला तर पुढची ऑर्डर, नाहीतर घरी. घरी म्हणजे कुपवाडला बाबांच्या लेथवर. लेथ चालू झाला की मला घाम फुटतो आणि बाबा चारचौघांत म्हणतात, “ह्याला मशीन नगं, वही द्या.” वही इथे मिळाली आहे. ती टिकवायची आहे.

आता प्राध्यापकांबद्दल. मी त्यांची नावं लिहिणार नाही, फक्त क्रमांक लिहितो. क्रमांक चार हे रोज दहा वाजता येतात, सही करतात आणि लघुशंकेला जातात, ते दुसऱ्या दिवशी दहा वाजता परत येतात. क्रमांक अकरा आणि बारा शेवटच्या रांगेत बसून हरभऱ्याचे घाटे सोलतात (टरफलं खुर्चीखाली, मी मोजून तीन सुपं काढली). क्रमांक बावीस या बाईंनी आपल्या जागी पर्स पाठवली. पर्स तीन दिवस खुर्चीवर हजर होती. क्रमांक तीस यांनी माझ्या खिशात तासगावचे बेदाणे कोंबले आणि म्हणाले, “माझी सही तूच करून टाक की रं गड्या, तुझं अक्षर लय झ्याक हाय.” मी बेदाणे परत केले. ते रागावले. मग मी अर्धे ठेवून घेतले, तरी ते रागावलेलेच राहिले. हीच मंडळी चहाच्या वेळी पोरं वर्गात बसत नाहीत म्हणून इतक्या कळवळ्याने बोलतात, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं.

यात माझी एक चूक झाली, ती कबूल करतो. मला हजेरीपट ठेवायला आमच्या जुन्या हेडक्लार्क आप्पासोंनी शिकवलं. त्यांचा नियम असा, की सव्वादहा वाजले की रिकाम्या चौकोनात लाल शाईने ‘गै.ह.’ लिहायचं, म्हणजे मागाहून कोणी सही घुसडत नाही. मी तसं केलं. आठव्या दिवशी संचालकांनी हजेरीपट उघडला आणि खुर्चीत बसले. पान कुंकवाचा सडा पडल्यासारखं दिसत होतं. सर म्हणाले, “अरे बाबा, हा हजेरीपट आहे की रक्तपेढी?” मी म्हटलं, पानांना क्रमांक आहेत आणि प्रत्येक पानावर शिक्का आहे, फाडता येणार नाही. सर म्हणाले, “ते मला दिसतंय. तू इतका कामाचा असशील असं मला वाटलं नव्हतं.” हे त्यांनी कौतुकाने म्हटलं नाही, हे मला जेवणाच्या सुट्टीत कळलं.

काल बुधवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी समिती न कळवता आली. तेव्हा सभागृहात चाळीसपैकी चौदा जण होते, पर्स धरून पंधरा. संचालकांनी मागच्या दाराने जो दिसेल त्याला आत घेतलं आणि बिल्ले वाटले. कँटीनचे तात्याबा भूगोलाचे झाले. ड्रायव्हर इतिहासाचा झाला. झाडलोट करणाऱ्या सुलाबाई मानसशास्त्राच्या झाल्या, आणि पर्स उचलून पर्सच्या जागी बसल्या. माझ्या छातीवर तुमचा बिल्ला आला, मामा. मी नको म्हटलं. सर कानात म्हणाले, “ऑर्डर पाहिजे ना?” मी बसलो.

अध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांनी सुलाबाईंना विचारलं, विद्यार्थी ऐकत नसतील तर तुम्ही काय करता? सुलाबाई पदर सारखा करून म्हणाल्या, “आवं, नाव घिऊन हाक मारायची. नाव घेतलं की ऐकतंय लेकरू. आमास्नी कुणी नाव घिऊन हाक मारलीया व्हय कवा?” समितीतल्या तिघांनीही हे लिहून घेतलं. नऊ दिवसांत कोणी काही लिहून घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग माझी पाळी आली. नऊ दिवसांत काय शिकलात, असं त्यांनी विचारलं. मामा, दारापाशी हजेरीपट घेऊन उभं राहावं लागत असल्यामुळे सगळी व्याख्यानं ऐकलेला माणूस या इमारतीत मी एकटाच आहे. मी सांगितलं. पहिल्या वक्त्यांनी शिक्षकाने तासात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये असं सांगितलं, ते सांगायला त्यांना दोन तास दहा मिनिटं लागली. चौथ्या दिवशीच्या बाईंनी पडद्यावरचं वाचून दाखवू नये, हे पडद्यावरून वाचून दाखवलं. पण सहाव्या दिवशीचे वक्ते म्हणाले, की वर्गातल्या सगळ्यांत मागच्या मुलाला रोज एक तरी प्रश्न विचारा, त्याला उत्तर येईल असा. ते मला पटलं. अध्यक्ष इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी विचारलं, नोकरी किती वर्षं झाली? तुमचा फॉर्म मीच भरला असल्यामुळे तोंडातून निघून गेलं, “एकोणतीस.” माझं वय सव्वीस आहे. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. संचालक घाईने म्हणाले, “जैन आहेत, साहेब. सूर्यास्ताआधी जेवतात.” अध्यक्ष शेजारच्या सदस्यांना म्हणाले, “आपणही सुरू करायला हवं.”

याचा परिणाम असा, की परवा शनिवारी समारोपाला प्रा. धन्यकुमार यांनी ‘वर्गातील उपस्थिती कशी वाढवावी’ या विषयावर बोलावं, असं समितीने ठरवलं आहे. संचालक खूष आहेत. म्हणाले, शनिवारी बोल, संध्याकाळी ऑर्डर घेऊन जा. आधी मी ठरवलं होतं, की तुम्हाला हात जोडून या म्हणायचं. पण तुम्ही आलात तर ते तुम्ही नाही असं अध्यक्षांना वाटणार, आणि नाही आलात तर मला पुन्हा तुम्ही व्हावं लागणार. दोन्हीकडून मीच सापडतो.

म्हणून आज सकाळी साडेनऊला मी संचालकांना सांगितलं, की मी पुन्हा त्या खुर्चीवर बसणार नाही. ते म्हणाले, “मग ऑर्डरचं विसर.” मी बरं म्हटलं आणि बाहेर येऊन पाणी प्यालो. सव्वादहाला मी गै.ह. नेहमीसारखं स्वच्छ लिहिलं. तुमच्या चौकोनातही लिहिलं. राग मानू नये. शनिवारी तुम्ही आपल्या खुर्चीवर येऊन बसावं, अध्यक्षांना काय सांगायचं ते आपण दोघं मिळून खरं सांगू, एवढीच विनंती.

तुमचा भाचा,
भरतेश

ता. क. : पत्र मामींच्या हाती पडलं आणि त्यांनी आधी वाचलं, तर मिक्सरचा उल्लेख मी तक्रार म्हणून केलेला नाही.

ता. क. दोन : वर जे लिहिलं ते खरं आहे, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. काल अध्यक्षांनी प्रश्न विचारला आणि मला उत्तर येत होतं. शाळा धरून हे माझ्या आयुष्यात कितव्यांदा झालं ते मी आठवून पाहिलं, तर पहिल्यांदाच. बी.ए.चं पहिलं वर्ष मी तुमच्याच महाविद्यालयात केलं आणि लेथसाठी सोडलं. जूनमध्ये दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा आहे. जुनी गुणपत्रिका चालते का आणि फॉर्म कधी निघतो, एवढं चौकशी करून कळवावं. बाबांना मी सांगीन, आईला तुम्ही सांगा.

ता. क. तीन : अर्थशास्त्र घेणार आहे, म्हणजे तास तुमचाच. मी रोज येईन, सगळ्यांत मागे बसेन. तुम्हीही येत चला.